दरजांचे शास्त्र आणि वडूजचे अंगण

दोन फरश्यांच्या किंवा दोन पेव्हिंग ब्लॉकच्या मध्ये जी अरुंद मोकळी जागा राहते तिला गवंडीकामात दरज म्हणतात, आणि ती जागा योग्य पदार्थाने बुजवण्याच्या कामाला दरजा भरणे असे म्हणतात. बांधकामशास्त्राने या दरजेला जे महत्त्व दिले आहे ते घरमालकाने तिला कधीही दिलेले नाही, कारण त्याने पैसे मोजलेले असतात ते ब्लॉकचे; मधल्या जागेत काहीच नसते आणि जेथे काहीच नसते तेथे खर्च कशाला करायचा, अशी त्याची व्यवहारी धारणा असते. अंगणाचे पुढे जे काही बरेवाईट होते ते बहुतांशी या रिकाम्या जागेतच होते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येते तेव्हा पहिला पावसाळा उलटून गेलेला असतो.

या विषयाच्या अभ्यासासाठी वडूजइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. इतिहासात हे गाव ९ सप्टेंबर १९४२ रोजी तहसील कचेरीवर निघालेल्या मोर्चासाठी आणि त्या दिवशी गोळीबारात हुतात्मा झालेल्या नऊ जणांसाठी ओळखले जाते. भूगोलात ते येरळा नदीकाठचे, खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. हा तालुका पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरांनी अडवलेले ढग रिकामे होऊन जेथे पोहोचतात अशा पट्ट्यात येतो, त्यामुळे ज्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्याच्या या पूर्व भागाला त्याच्या दशांशाच्या आसपास समाधान मानावे लागते. येथे धूळ मुबलक आहे, ऊन त्याहून मुबलक आहे, आणि नदीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून पावसाळ्यात फुगते. दरजेची परीक्षा घेण्यासाठी निसर्गाने केलेली ही सिद्धता पाहता येथील अंगण ही एक प्रयोगशाळाच ठरते.

वडूजच्या अंगणाचा इतिहास तीन कालखंडांत विभागता येतो. पहिला कालखंड शेणाने सारवलेल्या अंगणाचा होय. या अंगणाला दरज नव्हती, भेगा मात्र होत्या, आणि त्या दर सणाला किंवा त्याच्याही आधी लिंपून पुन्हा सारवाव्या लागतात हे घरातील लहानथोरांना मान्य होते. दुसरा कालखंड शहाबादी फरशीचा, म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या परिसरातून येणाऱ्या करड्या चुनखडी दगडाचा. तिच्या दरजा सिमेंटने भरल्या जात आणि त्या सुटल्या की गवंडी सापडेपर्यंत सुटलेल्याच राहत. तिसरा आणि सध्या चालू असलेला कालखंड पेव्हिंग ब्लॉकचा असून त्याची सुरुवात ‘एकदा बसवले की बघायला नको’ या आश्वासनाने झाली. पहिल्या कालखंडातील माणूस अंगणाकडे सारखा बघत असे, दुसऱ्यातील अधूनमधून बघे, आणि तिसऱ्यातील माणूस ते बघायचे नाही यासाठीच पैसे देतो, असा हा प्रगतीचा आलेख आहे.

शास्त्राचे म्हणणे मात्र नेमके उलटे आहे. पेव्हिंग ब्लॉकचे अंगण सिमेंटने चिकटवलेले नसते. खाली मुरूम व खडीचा दाबलेला थर, त्यावर साधारण २० ते ४० मिलिमीटर जाडीची वाळूची गादी, त्यावर ब्लॉक आणि कडेला ब्लॉक सरकू नयेत म्हणून पक्का कडदगड, अशी त्याची रचना असते. एका ब्लॉकवर आलेले वजन शेजारच्या ब्लॉकला वाटून देण्याचे काम दरजेत ठासून भरलेली वाळू करते, आणि या परस्परांत अडकून राहण्याच्या गुणालाच इंटरलॉकिंग म्हणतात. वडूज आगारातून साताऱ्याला निघालेल्या भरगच्च एसटीत उभे असलेले प्रवासी ब्रेक लागला तरी पडत नाहीत, कारण पडायला जागाच नसते, आणि तीच गाडी निम्मी रिकामी असली की दांडीला धरलेला माणूसही चार बाकडी पुढे जातो. दरजेतील वाळूचे कार्य समजण्यास याहून अधिक गणित लागत नाही. वाळू नसलेला ब्लॉक स्वतःच्या आकारामुळे कितीही नागमोडी असला तरी तो शेजाऱ्याला स्पर्श करून असतो, आधार देऊन नसतो.

याबाबतची मानके स्पष्ट आहेत. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५६५८ हे मानक २००६ साली आले आणि २०२१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात ब्लॉकची जाडी आणि ताकद कोणत्या वाहतुकीला किती असावी हे ठरवून दिले आहे. मांडणीच्या पद्धतीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ६३ ही मार्गदर्शिका आहे. दरज दोन ते चार मिलिमीटर रुंद असावी आणि तिच्यात भरायची वाळू बारीक, स्वच्छ व कोरडी, म्हणजे २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून गळणारी असावी, अशी सर्वमान्य पद्धत आहे. वडूजमध्ये हेच माप ‘एक रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी फट’ असे सांगितले तर कोणाचीही हरकत नसते. मानकाचा क्रमांक सांगितला की समोरचा माणूस हे कुठल्या योजनेचे लेखाशीर्ष आहे असे विचारतो.

आता या वाळूचा हिशेब मांडला म्हणजे विषयातील खरी गंमत लक्षात येते. ब्लॉक २०० बाय १०० मिलिमीटरचा, ६० मिलिमीटर जाडीचा आणि दरज तीन मिलिमीटरची धरली, तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे पंधरा मीटर लांबीच्या दरजा येतात आणि त्यांना पावणेतीन लिटरच्या आसपास वाळू लागते. हजार चौरस फुटांच्या अंगणाला हा आकडा अडीचशे लिटरच्या घरात, म्हणजे जेमतेम नऊ घनफूट होतो. वाळूचा व्यवहार ब्रासमध्ये चालतो आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तेव्हा संपूर्ण अंगणाच्या दरजांना ब्रासचा दहावा भागही लागत नाही, घमेल्यांच्या भाषेत वीस-पंचवीस घमेली पुरतात. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या वाळू धोरणात डेपोवरील वाळूचा दर ब्रासला सहाशे रुपये ठरवला होता. त्या दराने दरजांची वाळू साठ रुपयांतही बसली असती. एवढ्या मोठ्या कामातील ही सर्वांत स्वस्त बाब असते, आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड नेमकी याच बाबीवर पडते. लाखाच्या कामात साठ रुपये वाचवण्याची ही दृष्टी अन्य कोणत्याही शास्त्रात आढळत नाही.

भरण्याची पद्धतही फार कठीण नाही. ब्लॉक बसवून झाले की ते कंपन यंत्राने एकदा दाबायचे, कोरडी वाळू पसरून खराट्याने तिरकी झाडत दरजांत लोटायची, पुन्हा कंपन द्यायचे, वाळू खाली बसली की पुन्हा लोटायची, आणि दरज ब्लॉकच्या कडेपर्यंत भरेतोवर हे चालू ठेवायचे. वाळू ओली असेल तर तिचे कण एकमेकांना धरून दरजेच्या तोंडाशीच अडकतात, वरून दरज भरलेली दिसते आणि आत पोकळ राहते. म्हणून कोरडेपणाची अट महत्त्वाची आहे. प्रत्यक्षात काम संपते तेव्हा दिवस मावळलेला असतो, टेम्पो दुसरीकडे जायचा असतो, आणि दरजांकडे बोट दाखवणाऱ्या मालकाला मिस्त्री शांतपणे सांगतो, “आण्णा, वाळू टाकून ठिवलीया वर. चालता-फिरता जाती आत. पावसानं तर पार बसंल.” हे विधान प्रथमदर्शनी खोटे नसते. पाऊस वाळू बसवतो. मात्र ती दरजेत बसवायची की गटारात, याचा निर्णय तो स्वतः घेतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर दरजा उघड्या पडल्या की वडूजकर गृहस्थ तीन पंथांपैकी एकाचा स्वीकार करतो. यांतील सर्वांत मोठा पंथ सिमेंटवाद्यांचा होय. “फटी कशापायी ठिवायच्या? सिमेंट वतायचं, इषय संपला,” हे या पंथाचे आद्य वचन आहे. कोरडे सिमेंट झाडून वर पाणी मारले की अंगण दोन दिवस पाटीसारखे सपाट दिसते, त्यानंतर ब्लॉकवर पांढुरके डाग उमटतात, आणि मे महिन्यात निसर्ग आपले म्हणणे मांडतो. काँक्रीट उष्णतेने प्रसरण पावते. दहा मीटर लांबीचे अंगण तीस अंशांनी तापले तर साधारण तीन मिलिमीटरने वाढू पाहते. वाळूच्या दरजा ही वाढ आपसांत वाटून घेतात, कोणाला कळतही नाही. सिमेंटची दरज मात्र तत्त्वाला चिकटून राहते आणि म्हणून तुटते. तिचे तुकडे सुटले की त्या जागी पाणी शिरते, खालची वाळू धुऊन नेते, काळी जमीन फुगते, आणि जो ब्लॉक पूर्वी हलत होता तो आता शेजारच्या दोघांना सोबत घेऊन हलू लागतो. नाचता न येणाऱ्याला अंगण वाकडे म्हणण्याची जी म्हण मराठीत आहे तिच्यात बिचाऱ्या अंगणावर आजवर अन्याय झाला होता. या अंगणांच्या बाबतीत मात्र नाचणाऱ्याचे म्हणणे मोजपट्टीने सिद्ध करता येते.

दुसरा पंथ निसर्गवाद्यांचा. हे लोक दरजा भरत नाहीत, पण त्या रिकाम्याही राहत नाहीत, कारण धूळ, शेण, वाळत घातलेल्या ज्वारीतून निसटलेले दाणे आणि वाऱ्याने आलेले बी यांची तेथे आपोआप भरती होते. आषाढात त्यांतून घोळ, एकदांडी, लव्हाळा आणि हरळी वर येते, आणि उघडी वाळू मिळाली की मुंग्या ती खालून उपसून प्रत्येक दरजेवर एकेक लहानसा ढिगारा रचतात. यांपैकी हरळीचा स्वभाव विशेष अभ्यासण्यासारखा आहे, कारण तिची मुळे गाठीगाठींची असून उपटताना एखादी गाठ जरी आत राहिली तरी ती पुन्हा फुटते. वर्षभर उलथन्याने, पहारीने आणि मिठाच्या पाण्याने हरळीशी झुंजणारा हा गृहस्थ गणेश चतुर्थीच्या सकाळी मात्र एकवीस दूर्वांच्या, म्हणजे याच हरळीच्या, जुडीसाठी गावभर हिंडतो, कारण आदल्याच दिवशी पाहुणे येणार म्हणून त्याने अंगण स्वच्छ केलेले असते. अंगण नीट राखले तर दूर्वा विकत घ्याव्या लागतात आणि न राखले तर पाहुण्यांची बोलणी खावी लागतात, या पेचातून मार्ग काढणारे कोणतेही भारतीय मानक अद्याप नाही.

तिसरा पंथ पाणीवाद्यांचा असून त्याचा प्रसार बोअरवेलला पाणी असेपर्यंतच टिकतो. हातात नळी, अंगठ्याने दाबलेले तोंड आणि त्यातून सुटलेली धार ही या पंथाची साधने आहेत. अलीकडे गाड्या धुण्याचे जोरदार फवारा मारणारे यंत्रही त्यांत सामील झाले आहे. अंगण या धारेने लख्ख होते, दरजांतील वाळू फाटकाबाहेर रस्त्यावर जाते, आणि पाण्याची टंचाई असलेल्या तालुक्यात दोन दुर्मिळ गोष्टी, पाणी आणि वाळू, एकाच वेळी गटाराला मिळतात. या पंथाचा विरोधाभास एवढ्यावर थांबत नाही. वाळूची दरज थोडेफार पाणी जमिनीत मुरू देते, हा तिचा एक गुण आहे. ज्या मुलखातील माणसे उन्हाळ्यात डोंगरावर घाम गाळून समतल चर, म्हणजे उतारावर एका पातळीत खोदलेल्या आणि धावते पाणी अडवून जिरवणाऱ्या नाल्या, खोदतात, त्याच मुलखात घरी परतल्यावर अंगणात थेंबही मुरू नये याची चोख व्यवस्था केली जाते. शिवारात पाणी अडवणे आणि दारात पाणी घालवणे ही दोन स्वतंत्र खाती आहेत, अशी येथील समजूत दिसते.

या तिन्ही पंथांना एकत्र आणणारा प्रसंग म्हणजे घरचे कार्य. पूर्वी मांडवाचे खांब जमिनीत रोवत; आता मांडववाला पहारीने एक ब्लॉक उचकटतो, खांब रोवतो आणि कार्य आटोपल्यावर तो ब्लॉक परत बसवतो, बहुधा उलटा. नळाची जोडणी, केबल, सांडपाण्याची नळी या निमित्तानेही हेच घडते. वास्तविक ब्लॉक काढता यावा आणि खालचे काम झाल्यावर पुन्हा जागेवर बसवता यावा, हाच या पद्धतीचा डांबर व काँक्रीट या दोहोंवरील मोठा फायदा आहे. अट एवढीच की परत बसवताना खालची गादी सारखी करावी आणि दरजेत नवी वाळू भरावी. ही अट पाळली जात नसल्याने प्रत्येक अंगणात एक तरी ब्लॉक असा असतो की घरची माणसे त्याला अंधारातही ओलांडून जातात आणि पावसाळ्यात पाहुणा नेमका त्यावरच पाय देतो. खाली साचलेल्या गढूळ पाण्याची पिचकारी त्या वेळी गुडघ्यापर्यंत जाते आणि ती पांढऱ्या लेंग्यावर विशेष उठून दिसते. सोयरीक जुळवायला आलेल्या मंडळींना मुलाच्या घरची स्थिती समजण्यासाठी पूर्वी बरीच चौकशी करावी लागे; आता फाटकापासून पायरीपर्यंत चालत गेले तरी भागते.

खासगी अंगणाची ही कथा, तर सार्वजनिक अंगणाची त्याहून विस्तृत. मंदिर, शाळा, समाजमंदिर, चावडी यांच्यासमोर पेव्हिंग ब्लॉक बसवणे हे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात लोकप्रतिनिधींनी सुचवायच्या कामांतील अत्यंत लाडके काम असून ‘पंचवीस-पंधरा’, म्हणजे २५१५ या लेखाशीर्षाखालील मूलभूत सुविधांच्या निधीचे नाव गावोगावी तोंडपाठ आहे. अशा कामाला नारळ फोडून सुरुवात होते, फीत कापून शेवट होतो, आणि दोन्ही वेळी छायाचित्र निघते. दरजेत वाळू पुन्हा भरण्याच्या कामाला मात्र नारळ फोडता येत नाही, फीत बांधायला जागा नसते, आणि खराटा हातात धरलेल्या मान्यवराचे छायाचित्र फक्त गाडगेबाबांच्या जयंतीलाच निघते. कंत्राटात दोष दायित्व कालावधी नावाची एक तरतूद असते; काम पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीत दोष निघाल्यास तो कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, असा तिचा अर्थ आहे. सर्वसाधारण अनुभव असा की दोष पहिल्या पावसाळ्यात निघतो, त्याची चर्चा दुसऱ्यात होते आणि कालावधी संपल्याचे तिसऱ्यात कळते. या काळात अंगणातील एकच वस्तू अढळ राहते, ती म्हणजे मान्यवरांच्या नावांचा फलक, कारण त्याच्या दरजा सिमेंटने आणि मनापासून भरलेल्या असतात.

बाहेरच्या जगाचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहराची पुनर्बांधणी होताना भाजक्या विटा घरांसाठी लागत होत्या, म्हणून रस्त्यांसाठी काँक्रीटचे ब्लॉक वापरात आले आणि तेथून ते जगभर पसरले. समुद्रसपाटीच्या खाली, भुसभुशीत जमिनीवर राहणाऱ्या डच लोकांना जमीन खचणार आणि रस्ता पुन्हा उचलून बसवावा लागणार हे आधीच माहीत होते. त्यांनी ब्लॉक निवडले ते देखभाल करायची आहे म्हणून, टाळायची आहे म्हणून नव्हे. अमेरिकेतील मराठी घरांच्या मागील अंगणात पॉलिमरिक वाळू, म्हणजे पाणी शिंपडताच घट्ट होणारा चिकट पदार्थ मिसळलेली वाळू, वापरली जाते. तीही कायमची नसते. थंडीवाऱ्याने झिजते आणि काही वर्षांनी पुन्हा भरावी लागते. दरजेतून सर्वस्वी सुटका करून घेण्याचा मार्ग आपल्याकडे यादवकाळातच सापडला होता. हेमाडपंती पद्धतीत दगड इतके नेमके घडवून खाचेत बसवत की मध्ये चुना घालण्याची गरजच उरत नसे. ही पद्धत आजही उपलब्ध आहे. अंगणासाठी ती वापरायची झाल्यास एक राज्य आणि एक प्रधान एवढीच गुंतवणूक लागते.

या सर्व गोंधळात एक घटक मात्र आपले काम मुकाट्याने करत आलेला आहे आणि त्याची नोंद कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. तो घटक म्हणजे रांगोळी. रोज सकाळी उंबऱ्यासमोर सडा घालून जी दगडाची पूड चिमटीने सोडली जाते, ती दुपारपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी विस्कटते आणि झाडताना मुकाट्याने दरजेत उतरते. तिचा कण मानकापेक्षा बराच बारीक असतो, कंपन यंत्राऐवजी चपला असतात, पण काम रोज होते, आणि बऱ्याच घरांत उंबऱ्यापुढचे दीडदोन हात अंगण तेवढे घट्ट राहून बाकीचे डुगडुगते, याचे कारण बहुधा यातच आहे. ज्या घरात दरजांसाठी वाळू आणायला पैसे नव्हते, त्या घरातील बाईने वर्षानुवर्षे आपल्या रांगोळीच्या डब्यातून ती भरलेली असते, आणि त्याबद्दल तिला ऐकावे लागलेले असते ते एवढेच की रांगोळी लवकर संपते.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. दरज हा अंगणातील दोष नव्हे आणि तिला एकदाचे बुजवून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ती वर्षातून एकदा करावयाच्या अर्ध्या दिवसाच्या कामाची जागा आहे. खटाव तालुक्याला निसर्गाने पाऊस कमी दिला, पण कोरडेपणा हातचा न राखता दिला, आणि दरजेतील वाळूला नेमकी तीच गोष्ट लागते. तेव्हा एप्रिल संपता संपता, वळवाच्या आधी, दरजांतील हरळी गाठीसह काढावी, चाळलेली बारीक वाळू दोन दिवस उन्हात पसरून खडखडीत वाळवावी, खराट्याने तिरकी लोटून दरजा काठोकाठ भराव्यात, लाकडी ठोकळ्याने ठोकून खाली बसलेल्या जागी पुन्हा भराव्यात, आणि पुढचे काही दिवस नळीला हात लावू नये. डुगडुगणारा ब्लॉक उचलून खालची गादी सारखी करायला पहार आणि अर्धा तास पुरतो. सिमेंटची गोणी घरात असेलच तर ती कडेचा निखळलेला कडदगड पक्का करण्यासाठी वापरावी. दरजेच्या वाट्याला ती येऊ देऊ नये.